यादीत नाही म्हणजे जगात नाही?



२०२३ सालच्या खरिपातली गोष्ट आहे. माझ्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेतकऱ्याची दोन एकर ज्वारी. कणसे चिकात भरलेली. पंधरा दिवस जागल करून तो माणूस थकला, एक रात्र घरी झोपला आणि नेमक्या त्याच रात्री रानडुकरांचा कळप वावरात शिरला. सकाळी पाहतो तो ताटे आडवी आणि कणसे चघळून टाकलेली. भरपाईचा अर्ज करायला तो सेवा केंद्रावर गेला, मी सोबत होतो. केंद्रावरच्या पोराने नाव भरले, गट नंबर भरला, पीक भरले आणि 'नुकसानीचे कारण' या रकान्यावर बोट ठेवले. खाली एक यादी उघडली. पूर, गारपीट, वीज, अतिवृष्टी अशी पाच-सहा नावे. पोरगा म्हणाला, "काका, यात डुक्कर नाही."

"मग लिही ना हाताने."

"हाताने लिहिता येत नाही. यातलेच एक निवडावे लागते. नाही निवडले तर अर्ज पुढे सरकत नाही. अतिवृष्टी टाकू का?"

मागे वीस माणसे उभी होती. वीज जायची भीती होती. शेवटी 'अतिवृष्टी' टाकली. दीड महिन्याने उत्तर आले. सदर तारखेला आपल्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद नाही, सबब अर्ज नामंजूर.

म्हणजे आधी यादीने शेतकऱ्याला खोटे बोलायला लावले, आणि मग खोटे बोलला म्हणून त्याला दारातून हाकलले. कचेरीच्या दप्तरात आज तो माणूस लबाड म्हणून नोंदलेला आहे. डुकरांची नोंद मात्र कुठेच नाही.

कोणती कचेरी आणि कोणते अ‍ॅप, याचे नाव मी घेत नाही. दुखणे एका कचेरीचे नाही. पीक नोंदवा, विमा काढा, अनुदान मागा, सरकारी खरेदीसाठी नाव लावा, सगळीकडे आता शेतकऱ्यासमोर कागद नसतो, यादी असते. म्हणून या जिल्हा मेळाव्याच्या निमित्ताने या यादीचीच झडती घ्यायची आहे.

यादीशी आपली जुनी ओळख

कोणी म्हणेल, भाव, कर्ज, वीज सोडून हे संगणकाचे खूळ कशाला? यादीचा मार आपल्या चळवळीइतका कोणी खाल्लेला नाही, म्हणून.

अत्यावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा म्हणजे काय? एक यादी. दिल्लीत अधिसूचना निघते आणि आदल्या दिवशी मोकळा असलेला माल दुसऱ्या दिवशी बंधनात सापडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली, तेव्हा चाळीतला कांदा तोच होता, शेतकरीही तोच होता. बदलली होती फक्त दिल्लीच्या टेबलावरची ओळ.

दुसरी यादी घटनेच्या नवव्या परिशिष्टाची. १९५१ साली १३ कायदे घालून ती सुरू झाली आणि २८४ पर्यंत गेली. त्यातले बहुसंख्य कायदे जमिनीशी संबंधित आहेत. एकदा कायदा या यादीत गेला की मूलभूत हक्कांच्या नावाने न्यायालयाचे दार वाजवायची सोय राहत नसे. २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेले कायदे तपासता येतील, एवढी फट सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठेवली.

म्हणजे एक यादी रातोरात बदलणारी आणि दुसरी दगडासारखी न हलणारी. दोन्हींत मेला शेतकरीच. आता तिसरी यादी आपल्या खिशातल्या फोनात आली आहे. तिच्यातही हेच दोन प्रकार आहेत. कोणता प्रकार कुठे वापरायचा हे ठरवणारा माणूस आपल्याला दिसत नाही. तो निवडून आलेला नाही आणि त्याच्या निर्णयाला शासन निर्णयाचा क्रमांकही नसतो.

गोंदण आणि फळा

माझा भाचा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कारखाने, बँका, मोठे व्यापारी यांच्या कारभाराची सॉफ्टवेअरे ते तयार करतात. दिवाळीला गावी आला तेव्हा ही डुकराची गोष्ट त्याला सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, आमच्याकडे नवे काम आले की पहिली हुज्जत यावरूनच होते. यादी स्टॅटिक ठेवायची की डायनॅमिक?"

त्याने समजावले ते मी आपल्या भाषेत सांगतो.

स्टॅटिक यादी म्हणजे गोंदण. कपाशी, ज्वारी, तूर, मूग, उडीद ही नावे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रोग्रॅमच्या पोटातच लिहून टाकलेली असतात. त्यात एक नाव वाढवायचे तर प्रोग्रॅम उघडायचा, बदलायचा, तपासायचा, त्याची नवी आवृत्ती काढायची आणि ती प्रत्येकाच्या फोनात उतरवायची. ज्याने नवी आवृत्ती घेतली नाही त्याच्या फोनात जुनेच गोंदण. पण या यादीचे गुणही आहेत. वावरात रेंज नसली तरी ती उघडते. एका आवृत्तीत सगळ्यांना सारखी दिसते. आणि बसल्या जागेवरून कोणी तिच्यात रातोरात हात घालू शकत नाही.

डायनॅमिक यादी म्हणजे बाजार समितीतला भावाचा फळा. नावे प्रोग्रॅमच्या पोटात नसतात, मध्यवर्ती संगणकावर वेगळ्या तक्त्यात असतात. तुम्ही रकान्याला बोट लावले की फोन त्या तक्त्याला विचारतो आणि तिथे जे असेल ते दाखवतो. अधिकार असलेल्या माणसाने एक ओळ घातली की ती सगळ्या फोनांत दिसू लागते. शिवाय ही यादी मागचे उत्तर पाहून बदलते. जिल्हा निवडला की त्याचेच तालुके दाखवते, तालुका निवडला की त्याचीच गावे, पीक निवडले की त्याचेच वाण. सोय मोठी आहे. पण तिला रेंज लागते, नाहीतर आधी फोनात उतरवून ठेवावी लागते. आणि फळ्यावरचा खडू ज्याच्या हातात, त्याच्याच हातात पुसणेही असते. काल दिसलेली ओळ आज नसेल तर ती कोणी पुसली, का पुसली, याचा फळ्यावर मागमूस राहत नाही.

भाचा पुढे म्हणाला, "कोणतीही यादी करताना आम्ही चार प्रश्न विचारतो. यादी किती वेळा बदलणार? बदलायचा अधिकार कोणाला? बदलल्यावर जुन्या नोंदींचे काय होणार? आणि ज्याला यादीत आपली गोष्ट सापडली नाही त्याने काय करायचे? नटबोल्टच्या कारखान्याची यादी करायची असली तरी आम्ही आधी गोदाम सांभाळणाऱ्याला बोलावून विचारतो. माल त्याच्या हाताखालून जातो ना."

भावांनो, हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नटबोल्टाची यादी करताना गोदामवाल्याला विचारतात. पिकांची, वाणांची, नुकसानीच्या कारणांची यादी करताना कोणत्या शेतकऱ्याला कोणी विचारले? तुमच्या गावात कोणी येऊन विचारले का? आमच्या गावात तरी नाही. इंडियाच्या गोदामातल्या खिळ्याला जेवढी इज्जत आहे तेवढी भारताच्या शेतातल्या कणसाला नाही.

गोंदणाचे दुखणे

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची, हे तत्त्व चांगले आहे. तलाठ्याने चावडीत बसून मागच्या वर्षीचे पीक यंदाच्या रकान्यात उतरवायचे, हे आपण पिढ्यान् पिढ्या भोगले. त्यापेक्षा हे बरे. पण मेख अशी की नोंदवणारे बोट आपले असले तरी निवडायचे शब्द दुसऱ्याचे आहेत.

कोरडवाहू शेती म्हणजे यादीत न बसणारी शेती. पाऊस कधी येईल आणि कधी दडी मारेल याचा भरवसा नाही, म्हणून आपल्या आजोबांनी एका वावरात चार पिके घातली. कपाशीच्या सहा-आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी, ज्वारीत मूग-उडीद, पट्ट्याला अंबाडी, धुऱ्यावर भेंडी-बरबटी. कपाशी गेली तर तूर, तूर गेली तर मूग. हाच आपला खरा विमा होता, आणि त्याला हप्ता नव्हता. जुन्या गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकाखालचे क्षेत्र, त्यातली घटक पिके आणि निर्भेळ पिकाखालचे क्षेत्र असे वेगळे रकाने होते. शाईने लिहायची जागा होती. तलाठी लिहीत नसे हा त्याचा दोष, पण कागदाने तोंड दाबले नव्हते. यादी तोंड दाबते. जे नाव गोंदलेले नाही ते पीक तुमच्या वावरात उभे असूनही नाही.

ज्वारीचेच घ्या. शहरातल्या माणसाला ज्वारी म्हणजे ज्वारी, एक ओळ. सरकार स्वतः मात्र हमीभावात दोन ओळी लिहिते. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये क्विंटल. भाव जाहीर करताना दोन ज्वाऱ्या असतील तर नोंद घेताना एक कशी चालेल? कपाशीतही मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. दोन ओळींत क्विंटलमागे ४०० रुपयांचे अंतर. कोणती ओळ कोणाच्या नावापुढे लागते यावर एका गाडीमागे काही हजारांचा फरक पडतो. यादीतली एक ओळ म्हणजे खडूची रेघ नसते, घामाचे दाम असतात.

जी यादी कधीच बदलणार नाही असे वाटते तीही बदलते. जिल्ह्यांची यादी पाहा. १९९८ मध्ये वाशीम झाला, १९९९ मध्ये हिंगोली, २०१४ मध्ये पालघर. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्यांनी ही नावे गोंदून ठेवली होती त्यांना प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चिरावा लागला. सातबारावर एक नाव, आधारवर दुसरे आणि अ‍ॅपात तिसरे असेल तर जुळणी कोणी करायची? फेऱ्या मारायच्या शेतकऱ्याने. खरे तर उपाय साधा आहे. नोंद नावाने ठेवायचीच नाही, आकड्याने ठेवायची. नाव बदलले तरी आकडा तोच. बैलाचे नाव सर्जा ठेवा की राजा, कानातला बिल्ला बदलत नाही, तसे.

फळ्याचे दुखणे

मग सगळ्या याद्या फळ्यावर घाला, डायनॅमिक करा, असे म्हणणारे शहाणे लगेच पुढे येतात. नवे ते चांगले, झटपट ते चांगले. भावांनो, या भुलाव्याला बळी पडू नका. फळा चांगला की वाईट हे खडू कोणाच्या हातात आहे यावर ठरते.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली. भातपीक पाण्याखाली बुडण्याचे कारण स्थानिक आपत्तींच्या यादीतून २०१८ साली काढले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून ते परत येणार. मधली वर्षे धान बुडायचे थांबले होते का? पाणी तेच, बांध्या त्याच, फक्त ओळ नव्हती.

आपल्या राज्यात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आली. पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, ही चारही कारणे एका फटक्यात गेली. कपाशीच्या शेतकऱ्याचा हिस्सा मात्र एक रुपयावरून विमा रकमेच्या पाच टक्क्यांवर गेला. यात न्याय आहे असे मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मान्य करू. हा बदल शासन निर्णयाने झाला, हंगामाच्या आधी झाला. कागद हातात आहे, त्याच्यावर भांडता येते, मंत्र्याला जाब विचारता येतो. फोनातल्या फळ्यावरची ओळ पुसली जाते तेव्हा असा कागदही निघत नाही. जाब विचारायला गेलात तर खिडकीतला माणूस म्हणतो, "सिस्टीममध्ये नाही." सिस्टीम कोण? तिचा तालुका कोणता, तिची कचेरी कुठे?

फळ्याचे आणखी एक दुखणे आहे, ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. समजा मागच्या वर्षी तुम्ही एक वाण निवडून नोंद केली. यंदा कोणीतरी ती ओळ तक्त्यातून पुसली. मग तुमची मागच्या वर्षीची नोंद उघडली की त्या जागी रिकामे दिसते किंवा नुसता आकडा दिसतो. पेरलेले पीक, दिलेला हप्ता, सगळे अर्थहीन. मुरलेले संगणकवाले म्हणूनच जुनी ओळ कधी पुसत नाहीत. तिच्यापुढे 'अमुक तारखेपासून बंद' असे लिहितात. नव्या अर्जात ती दिसत नाही, जुन्या अर्जात जिवंत राहते. आपल्या फेरफाराच्या वहीत जुनी नोंद खाडाखोड करून टाकत नाहीत, नवा क्रमांक देऊन खाली लिहितात, तसेच हे. ही शिस्त पाटीलकीच्या काळापासून आपल्याकडे आहे. ती संगणकात शिरताना का गळून पडली?

पेरणीची यादी काढणीला

तर मग गोंदण की फळा? माझे उत्तर असे. ज्याचा निकाल पैशात लागतो ती यादी हंगामापुरती गोंदलेली असावी. जी यादी निसर्गाबरोबर, बाजाराबरोबर चालते ती फळ्यावर असावी, पण तारखेसकट.

पिके, वाण, गावे, खरेदी केंद्रे या याद्या बदलत्याच राहणार. त्यांना दगडात कोरणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. त्या फळ्यावरच हव्यात. पण नुकसानीची कारणे, भरपाईचे निकष, मालाच्या प्रती, यांची यादी पेरणीच्या दिवशी जी होती तीच काढणीपर्यंत लागू राहिली पाहिजे. विमा हा करार आहे. मी हप्ता भरला त्या दिवशी यादीत दहा कारणे असतील तर माझ्यापुरती ती दहाच. पुढच्या हंगामात आठ करायची तर करा, हप्ता भरायचा की नाही ते मी ठरवीन. पण पत्ते वाटून झाल्यावर हुकूम बदलायचा, हा जुगारी अड्ड्यावरही चालत नाही.

हे संगणकाला अवघड आहे का? मुळीच नाही. प्रत्येक ओळीपुढे दोन तारखा लिहायच्या, कधीपासून आणि कधीपर्यंत. अर्जाची तारीख पाहून त्या दिवशी चालू असलेल्या ओळी दाखवायच्या. व्यापारी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कराचे दर असेच ठेवतात. नवा दर आला म्हणून जुने बिल बदलत नाही. कारखानदाराच्या बिलाला जी सोय आहे ती शेतकऱ्याच्या विम्याला का नको?

रेंजचा प्रश्नही असाच सुटतो. हंगामाची यादी एकदा फोनात उतरवून ठेवायची, वावरात बिनरेंजची वापरायची, आणि ती कोणत्या तारखेची आहे हे वरच्या कोपऱ्यात लिहायचे. गोंदणाची खात्री आणि फळ्याची सोय, दोन्ही मिळतात. लागते ती फक्त दानत.

'इतर' या ओळीची भीती

आता डुकराकडे परत येऊ. यादी कितीही चांगली केली तरी काहीतरी सुटणारच. म्हणून शहाणी यादी शेवटची ओळ 'इतर' ठेवते आणि तिच्यापुढे लिहायला जागा देते. आमच्या शेजाऱ्यासमोर ती ओळ असती तर त्याने 'रानडुक्कर' लिहिले असते. भरपाई मिळाली असती की नाही कोण जाणे, पण तो लबाड ठरला नसता.

साहेब लोकांचे आक्षेप मी ऐकले आहेत. म्हणतात, 'इतर' दिले की लोक काहीही लिहितील आणि संगणकाला ते मोजता येणार नाही. अहो, एका तालुक्यातल्या दोन हजार अर्जांत 'इतर'पुढे डुक्कर, रोही, वानर हेच शब्द आले, तर ते मोजायला संगणकही लागत नाही. यादीत पुढच्या हंगामाला कोणती ओळ घालायची हे सांगणारी तीच तर ओळ आहे. आणि 'इतर' नसते तेव्हा लोक खरे लिहितात असे का वाटते? तेव्हा ते पहिली सापडेल ती ओळ दाबतात. मग आकडेवारीत पाऊस नसताना अतिवृष्टी दिसते, आणि तीच आकडेवारी घेऊन पुढच्या वर्षीची धोरणे ठरतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असे.

खरी भीती वेगळी आहे. 'इतर'मधून खरे बाहेर येते. शेत नेहमी यादीच्या पुढे चालते. २००१ साली गुजरातेत मंजुरी नसलेली बीटी कपाशी हजारो एकरांवर उभी सापडली, आणि बीटीला मंजुरी मिळाली मार्च २००२ मध्ये. आधी शेत, मग यादी. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारी कपाशी उघडपणे लावली, तेव्हाही मंजूर वाणांच्या यादीत ती नव्हती. ते बियाणे चांगले की वाईट यावर वाद घाला, मोकळेपणाने घाला. पण यादीत नाव नाही म्हणून वावरात पीक नाही, असे समजून राज्य चालवायचे म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे.

केंद्राने २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान विम्यात धरायचे जाहीर केले आहे, तेही पुन्हा यादीवरच आणून ठेवले आहे. कोणते प्राणी धरायचे याची यादी राज्यांनी काढायची, आणि नुकसान ७२ तासांच्या आत फोटोसकट अ‍ॅपवर कळवायचे. डुक्कर आले आणि रोही राहिला तर? जिल्हा राहिला तर? ज्वारीचा पेरा आपल्याकडे का आटला हे डुकरांना आणि पाखरांना विचारा. ही यादी मंत्रालयातल्या थंड खोलीत बसून होता कामा नये.

आपली चूक

शेवटी थोडे आपल्याकडेही पाहू. रस्ता रोको करताना आपण पोलिसांच्या लाठ्यांना घाबरलो नाही, पण फोनातल्या यादीसमोर गप्प बसलो. हे पोराबाळांचे काम म्हणून सोडून दिले. तलाठ्याच्या लेखणीवर लक्ष ठेवणारा माणूस प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लेखणीकडे पाहायला विसरला. आज तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले, आणि त्याच्या हातातली लेखणीही गेली. त्यालाही तीच यादी दिसते जी आपल्याला दिसते. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. यादी लिहिणाऱ्याला उन्हात आणले पाहिजे.

जिल्हा मेळाव्यात मांडायचा ठराव असा:

१. शेतकऱ्यांसाठीच्या प्रत्येक अ‍ॅपातली प्रत्येक यादी, ती बदलण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या पदनामासह, हंगामाआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावी.

२. नुकसानीची कारणे, भरपाईचे निकष आणि मालाच्या प्रती यांची यादी पेरणी ते काढणी बदलू नये. अर्जाच्या दिवशीची यादीच त्या अर्जाला लागू राहावी.

३. यादीतली कोणतीही ओळ पुसू नये. 'अमुक तारखेपासून बंद' असे लिहावे. कोणी, कधी, कोणत्या आदेशाने बदल केला याची नोंद सर्वांना पाहता यावी.

४. प्रत्येक यादीत 'इतर' ही ओळ आणि तिच्यापुढे लिहायला जागा असावी. 'इतर'मध्ये काय काय आले याचा तालुकावार गोषवारा हंगामानंतर जाहीर व्हावा.

५. पिके, वाण आणि प्राणी यांच्या याद्या करताना त्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना बोलावून विचारावे.

ठराव होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. यादीत आपले कारण नसेल तर खोटी ओळ दाबू नका. उघडलेल्या यादीचा तारखेसकट फोटो काढा. खरे कारण साध्या कागदावर लिहून तहसील कचेरीत द्या, पोच घ्या. यादी कधी, कोणी बदलली हे २००५ च्या माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जात विचारता येते. गावागावातून असे अर्ज गेले तर यादीमागे लपलेल्याला बाहेर यावे लागेल.

आमच्या शेजाऱ्याने यंदा ज्वारी पेरली नाही. विचारले तर म्हणाला, "दादा, डुकराला तोंड देईन. पण मला लबाड ठरवणाऱ्या कागदाला कसे तोंड देऊ?" त्याच्या त्या दोन एकरांत पुन्हा कणसे डोलायची असतील तर यादीच्या शेवटी एक ओळ वाढली पाहिजे. ती ओळ मागायला मेळाव्याला या.